दोन बोटं जास्त

गुलाबी कापडावर खडूची रेघ ओढून उज्वलानं कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. रेघेच्या बाहेर दोन बोटं आडवी टेकवून तिनं दुसरी रेघ ओढली, पहिली तळव्यानं पुसली. सहा महिन्यांत पोर वाढणारच. सासूबाई तर दर फोनला सांगत होत्या, वाढली लई. तेव्हा सगळीकडून दोन बोटं जास्त धरायची, असं ठरवून तिनं कात्री चालवली.

शेजारी बटणांच्या डब्यात काळा दोरा गुंडाळून ठेवलेला होता. दिवाळीत ती तीन दिवस सासरी भोकरला गेली होती, तेव्हा निघायच्या आधी मुग्धाला अंगणात उभं करून तिनं या दोऱ्यावर मापं घेतली होती. पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, तिसरी खांद्यापासून घोट्यापर्यंतची. घरात टेप होता, पण टेपवरचे आकडे ती विसरायची. गाठी विसरायचा प्रश्न नव्हता. मुग्धा गुदगुल्या होतात म्हणून हसत होती आणि पोट फुगवत होती. पोट आत घे गं, म्हणून उज्वलानं तिला दोनदा दटावलं होतं.

लातुरात क्लासच्या गल्लीत बसलिंगप्पांच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये उज्वलाची खोली होती. या गल्लीत खोलीखोलीतून एक बाई आणि एक परीक्षा राहत होती. बाईचा नवरा, सासू, शेत, म्हैस आणि असली तर धाकटी लेकरं मागं गावाकडं. इथं ती, गॅसची शेगडी आणि डॉक्टर व्हायला आलेलं थोरलं लेकरू. दोन वर्षांची तर बाब आहे, असं म्हणून प्रत्येक बाई यायची. उज्वला तर एकाच वर्षासाठी आली होती. थोरल्या देविकाचं पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं आणि एकाची दोन झाली. आली तेव्हा मुग्धा तीन वर्षांची होती. आता येत्या रविवारी पाच पूर्ण होणार होती, आणि त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी देविकाचा पेपर होता.

यंदाच्या वाढदिवसाला मी येणारच, असा शब्द उज्वलानं दिवाळीतच दिला होता. मागच्या वाढदिवसाला ती फोनवर होती. मुग्धानं केक कापला आणि एक तुकडा फोनच्या काचेला लावला. काच पुसताना मुग्धाचे वडील अमृतराव फोन बंद करून बसले आणि उज्वला लातुरात अंधाऱ्या काचेकडं बघत राहिली. ते तिच्या मनातून जात नव्हतं. म्हणून यंदा ती हात धुऊन मागं लागली होती. मुग्धानं कुणाच्या तरी मोबाइलवर राजकन्येचा वाढदिवस पाहिला होता, तोच तिला हवा होता. घोट्यापर्यंत फ्रॉक, मुकुट, जादूची काठी आणि मागं किल्ला.

यादी तिनं देविकाच्या जुन्या सराव पेपराच्या पाठीवर केली होती. जाळीचं कापड, अस्तर, मुकुट, गुलाबी पडदा. फ्रिजच्या खोक्याचा किल्ला. केकमध्ये कमरेपर्यंत बाहुली उभी करायची, म्हणजे केक हाच तिचा घागरा. गल्लीतल्या बारा पोरी. प्रत्येकीला कागदाचा मुकुट. कागद उलटा केला की दुसऱ्या बाजूला लोलक आणि त्यातून वाकून जाणारा किरण होता, आणि देविकानं चुकवलेल्या प्रश्नांवर लाल गोल.

दुपारी देविका क्लासला गेली की उज्वला फोन लावायची. त्या दिवशी फोनवर मुग्धा आली. फोन नाकाला टेकवून बोलायची तिची खोड होती, त्यामुळं काचेवर नुसते दोन डोळे आणि एक भुवई दिसायची.

"मम्मी, राजकन्या खाली उतरत नसती का?"

"कुठून खाली?"

"बाजेवरून. आजी म्हणती, तू राजकन्या हायस, तुला सगळं बाजेवर आणून देते. मला अंगणात जाऊ देत न्हाई."

"ऊन किती हाय बाहेर. आजीचं ऐकावं."

"राजकन्येला खेळायला मैत्रिणी असत्यात का?"

"बारा. रविवारी बारा येणार."

उज्वलाला हसू आलं. सासूबाई आणि नातीचे लाड, म्हणजे नवलच होतं. देविका लहान असताना याच तुळजाबाईंनी तिला कधी मांडीवर घेतलं नव्हतं, शेणाचे हात आहेत म्हणायच्या. तिनं म्हटलं, आजीला फोन दे.

"आत्याबाई, तेवढी पोरीची मापं घेता का? दोऱ्यानंच घ्या. मी सांगते कसं ते."

"आता झोपायला लागली बघ ती."

"आत्ता तर बोलत होती."

"तुझ्या हाताला ठाऊक हाय की माप. जरा मोठंच शिव. वाढली लई."

अमृतरावांचं वेगळंच. ते भोकरच्या शाळेत मास्तर होते, आणि एरवी कशाला नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बारा पोरींचं ऐकल्यावर मात्र त्यांनी घसा खाकरला.

"घरच्या घरी करू. गर्दी कशाला."

"गर्दी कसली? गल्लीतल्या पोरी हायत."

"बरं, बघतो."

ही बघतोची भाषा उज्वलाला चांगली कळायची. तिला राग आला. मी दोन वर्षं इथं पोळ्या लाटून राहिले आणि यांना बारा पोरींचा त्रास होतोय. आई नाही म्हणून लेकराचे लाडही नकोत. तो राग तिनं कापडावर काढला. घेराला तिनं आणखी एक वार जाळी लावली.

वरच्या मजल्यावर निलंग्याची सौदामिनी आणि तिची आई राहायच्या. सौदामिनीचा आजोबांवर फार जीव. गुरुपादप्पा त्यांचं नाव. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा आणि जिन्यात उभी राहून ही पोरगी अर्धी मराठी, अर्धी कानडी बोलत हसायची. मार्चच्या शेवटी गुरुपादप्पा गेले. तिच्या आईला फोन आला तेव्हा सौदामिनी क्लासला होती. बाई उज्वलाच्या दारात येऊन उभी राहिली, तोंडाला पदर लावलेला.

"पोरीला काय सांगू?"

"काही सांगू नको," उज्वला म्हणाली. "मावसबहिणीचं लग्न हाय म्हण आणि जा. पोरगी माझ्याकडं जेवंल. परीक्षा झाल्यावर सांगू. दीड महिन्यानं सांगितलं म्हणून काय बिघडतंय?"

असं सांगणारी ती काही पहिली नव्हती. या गल्लीत ही रीतच पडली होती. मरण, दवाखाना, भावकीतला तंटा, सगळं पेपर होईपर्यंत झाकून ठेवायचं. पेपर झाल्यावर पोरं घरी जायची आणि एकदम सगळं कळायचं. उज्वलानं चार दिवस सौदामिनीला जेवायला घातलं. रविवारी पोरीनं विचारलं, आजोबांचा फोन का आला नाही. उज्वला पोळी उलटता उलटता म्हणाली, फोन बिघडलाय म्हणे त्यांचा, दुरुस्तीला टाकलाय. पुढच्या रविवारी पोरीनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं नाही. चला, निभावलं, असं उज्वलाला वाटलं. खोटं बोलण्यात आपला हात चांगला बसलाय याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

घरमालक बसलिंगप्पांना मात्र हे पसंत नव्हतं. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. एवढी पक्की बिल्डिंग बांधून हा माणूस स्वतः गच्चीवर पत्र्याखाली झोपायचा, गेली तीस वर्षं. मशीन त्यांच्या सुनेचं होतं, म्हणून फ्रॉक शिवायला उज्वला त्यांच्याकडं खाली बसायची. फ्रॉकला काज करता करता तिनंच सौदामिनीचा विषय काढला, कौतुक होईल म्हणून.

"भूकंप झाला तवा मी नांदेडजवळ विष्णुपुरीला होतो," अप्पा म्हणाले. "कॉलेजात क्लार्क. सकाळी हाफिसात सायबानं सांगितलं, तुमच्याकडं थोडी पडझड झालीया म्हणं, जाऊन या. मी म्हणलं, जातूच हाय तर लेकीला बूट घेऊन जावं. घेतले. औशापासनं एका ट्रकात बसलो. ट्रकात माणसं लई, पण मला सगळ्यांनी जागा करून दिली. एकानं पाणी दिलं. एकानं माझी पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, काय भली माणसं हायत."

"मग?"

"मग काय. त्यांना ठाऊक होतं, आमचं गाव राहिलं न्हाई. कुणी बोललं न्हाई. दोन तास मी बूट कसे हायत ते त्यांना दाखवत हुतो." अप्पांनी खाली पडलेली सुई उचलून तिच्यापुढं ठेवली. "पोरीला सांगून टाका, ताई."

"सांगू की. पेपर होऊ द्या."

अप्पा उठून गेले. म्हाताऱ्याचं दुःख मोठं आहे, पण त्या वेळची गोष्ट वेगळी, ही वेगळी, असं मनाशी म्हणत उज्वलानं दुसरं काज धरलं.

रविवारी पहाटेच ती निघाली. देविकाचं दोन दिवसांचं जेवण सौदामिनीच्या आईकडं लावलं होतं. फ्रॉक जुन्या सुती साडीत गुंडाळला होता, मुकुट चेपू नये म्हणून पोळ्यांच्या डब्यात. देविकानं फुटपट्टीला चंदेरी कागद लावून टोकाला चांदणी चिकटवली होती, तीच जादूची काठी. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं अभ्यास सोडून केलेलं हे एकच काम. बसपर्यंत पिशवी घेऊन आली, आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

"मम्मी, मुग्धा माझ्याशी फोनवर का येत नाही गं? कधी पण झोपलेलीच असते."

"ऊन लई हाय तिकडं. झोपू दे."

"उद्या येतीस ना?"

"उद्या दिवे लागायच्या आत तुझ्यापुढं ताट असंल."

नांदेडला गाडी बदलून भोकरला पोहोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत दोनदा तिनं साडीची घडी उघडून फ्रॉक पाहिला. शेजारच्या बाईनं विचारलं म्हणून तिला मुकुटही दाखवला, किल्ल्याचं सांगितलं, बारा पोरींचं सांगितलं. दोन वर्षांत तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

स्टँडवर अमृतराव मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्या पिशव्या स्वतःच घेतल्या. आज काय स्वागत आहे, असं ती चेष्टेनं म्हणाली. ते हसले नाहीत, नीट बस एवढंच म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या नागप्पांची बायको दोघी-तिघींशी बोलत उभी होती. गाडी दिसताच बोलणं थांबलं. वाटेत आडवी पडलेली बाज तिनं ओढून बाजूला केली, आणि उज्वला उतरली तशी तिच्या हातातला डबा काढून घेतला.

"द्या वहिनी. दमला असाल तुम्ही."

दारात तुळजाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षांच्या संसारात सासूनं सुनेला पाणी आणून दिल्याचं उज्वलाला आठवत नव्हतं. तांब्या तिनं हातात घेतला, तोंडाला लावला, आणि अप्पांचा तो ट्रक तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. तिनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"मुग्धा कुठं हाय?"

"आत हाय. जागी हाय. तुझीच वाट बघून राहिली."

आतल्या खोलीत भिंतीला गुलाबी पडदा लागला होता आणि पडद्यापुढं किल्ला उभा होता. फ्रिजच्या खोक्याचाच, पण त्याला चार बुरूज होते, बुरुजांना खिडक्या होत्या, दरवाजावर एकेक खिळा रंगवलेला होता. आयुष्यात घराला कधी चुना न लावलेल्या माणसानं हे केलं होतं. किती दिवस बसला असेल हा, आणि का, हे उज्वलाच्या मनात यायला आणि बाजेवर नजर जायला एकच गाठ पडली.

मुग्धा उशीला टेकून बसली होती. डोळे तेवढे फोनमधले होते. बाकी पोर उज्वलाच्या ओळखीची नव्हती. मान काडीसारखी झाली होती. ओठ आणि नखं एका रंगाची, पांढरट. पायावर निळे डाग होते, पडल्यावर होतात तसे, पण इतके कुणी पडत नाही.

"मम्मी, आणला का?"

"आणला," उज्वला म्हणाली. "आणला की गं राणी."

तिनं पोरीला जवळ घेतलं. अंग गरम होतं. किती तरी वेळ तिनं तिच्या केसांत नाक खुपसून ठेवलं, कारण वर पाहिलं असतं तर पोरीला तिचं तोंड दिसलं असतं. मग तुळजाबाईंनी पोरीपुढं मुकुट धरला, आणि अमृतराव मागच्या दारानं अंगणात गेले. उज्वला त्यांच्या मागोमाग गेली. हौदावर रंगाचा ब्रश वाळत ठेवलेला होता.

"कवापासून?"

"होळीच्या आधीपासून ताप येतोय. जातोय, येतोय."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू निघून आली असतीस. तू आलीस म्हणजे देविकाला कळलंच. दुसरं वर्ष हाय तिचं." ते हौदाकडं बघत बोलत होते. "आई म्हणली, पेपर होऊ दे. मी पण म्हणलं, होऊ दे."

"डॉक्टर काय म्हणले?"

"नांदेडला रक्त तपासलं. रक्ताचंच काही तरी हाय म्हणले. हैदराबादला न्या."

"कवा न्या म्हणले?"

अमृतरावांनी ब्रश उचलला आणि त्याचे चिकटलेले केस बोटांनी सोडवू लागले.

"कवा न्या म्हणले, मी विचारून राहिले."

"लगेच म्हणले. तीन आठवडे झाले. गर्दीत ठेवू नका म्हणले, म्हणून पोरी बोलावल्या न्हाईत."

उज्वला हौदाच्या कडेला बसली. नवऱ्याला बोलावं, सासूला बोलावं, छाती पिटावी, असं सगळं आतून उसळून आलं. पण यांचा एकेक शब्द तिच्या ओळखीचा होता. पेपर होऊ दे. काय बिघडतंय. हेच तिनं स्वतःच्या दारात उभं राहून एका बाईला शिकवलं होतं. फरक एवढाच होता की गुरुपादप्पा गेलेले होते. त्यांना दीड महिन्यानं काही होणार नव्हतं.

"मुदखेडहून हैदराबादची गाडी हाय," ती म्हणाली. "उद्या निघायचं."

"पण देविका..."

"उद्या निघायचं."

ती आत आली. चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि फ्रॉक सोडला. मुग्धानं दोन्ही हात वर केले. फ्रॉक डोक्यातून खाली आला आणि खांद्यावर न थांबता दंडापर्यंत घसरला. घेर बाजेवर पसरला आणि त्यात मधोमध पोर बसून राहिली. मोठ्या माणसाचे कपडे घातल्यासारखी दिसत होती. तुळजाबाई तोंड फिरवून चुलीकडं गेल्या.

"मम्मी, मोठा झाला."

"राजकन्येचा मोठाच असतो."

"पडतोय."

"आत्ता बसवते. हल्लू नको."

बटणांचा डबा तिनं पिशवीत आणला होता. दोरा काढून तिनं पोरीच्या छातीभोवती फिरवला. दिवाळीची गाठ टोकाला जुळायला हवी होती. जुळली नाही, पुढं निघून गेली. तिनं मधल्या जागेत बोटं ठेवून पाहिली. एक, आणि दुसरं. तिनं दोरा पुन्हा फिरवला, या वेळी ओढून धरला नाही, अगदी सैल सोडला. तरी दोनच.

"गुदगुल्या होत न्हाईत का गं?"

"न्हाई," मुग्धा म्हणाली. मग आईचं तोंड बघून तिनं विचारलं, "पोट आत घेऊ का?"

"नको. राहू दे."

तुळजाबाईंच्या पदराच्या आणि स्वतःच्या बांगड्यांतल्या सेफ्टी पिना काढून तिनं पाठीमागून फ्रॉक चिमटीत धरला आणि एकेक पिन लावत गेली. समोरून फ्रॉक बसल्यासारखा दिसू लागला. मुकुट कानापर्यंत आला, त्याच्या आत रुमालाची घडी ठेवली. मुग्धाला किल्ल्यापुढं पाटावर बसवलं. दाराबाहेर उंबऱ्यापाशी नागप्पांची बायको आणि गल्लीतल्या दोन-तीन पोरी उभ्या होत्या, आत कुणी आलं नाही. तिथूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या. अमृतरावांनी मुग्धाचा हात धरून केक कापला. बाहुलीचा घागरा मधोमध चिरला गेला आणि बाहुली एका अंगाला कलली, तेव्हा मुग्धा हसली. तिनं केकचा तुकडा उचलून आईच्या तोंडाशी नेला. मधे काच नव्हती. उज्वलानं तो खाल्ला. मग मुग्धानं जादूची काठी आईच्या डोक्याला लावली.

"मम्मी, आता तू जायचं न्हाई."

"न्हाई जात."

"लातूरला?"

"न्हाई."

"खरं?"

"खरं."

दिवे लागायच्या सुमाराला मुग्धा मुकुटासकट आडवी झाली. उज्वला तिच्या पाठीशी बसून एकेक पिन काढत होती आणि जिथं पिन होती तिथं टाका घालत होती. हैदराबादला नेताना हाच घालीन, असं पोरीनं झोपता झोपता बजावलं होतं. कुठं जायचं तेवढं तिला कळलं होतं, आणि तिथं किल्ला आहे असं तिच्या बापानं सांगितलं होतं.

फोन वाजला. देविकाचा होता. अमृतराव दारातून बघत राहिले. उज्वलानं सुई कापडात टोचून ठेवली आणि फोन कानाला लावला.

"मम्मी, कसा झाला गं? किल्ला केला का पप्पानं?"

"केला. चार बुरुजांचा. बघत राहशील असा."

"फोटो पाठव की. मुग्धाला दे ना जरा."

"आत्ता झोपली. दिवसभर नाचून नाचून दमली."

"फ्रॉक बसला का?"

उज्वलानं पोरीच्या पाठीकडं पाहिलं. जास्तीचं कापड तिच्या मुठीत गोळा झालेलं होतं.

"न्हाई गं. आखूड पडला. लई वाढलीय ती. दोन बोटं जास्त धरली होती, तरी पुरला न्हाई."

"अरे देवा. मग?"

"मग काय, उसवायला घेतलाय. पुन्हा शिवावा लागंल. पोरगी रडायला लागली, तसंच टाकून कसं यायचं? चार-आठ दिवस लागतील. तू जेव वेळेवर. सौदामिनीच्या आईला मी बोलते."

लातुरात खालच्या गल्लीत कुणी तरी स्कूटर चालू करत होतं, तेवढा आवाज फोनमधून येत होता. एका फ्रॉकला आठ दिवस लागत नाहीत, हे देविकाला ठाऊक होतं. लहानपणापासून तिनं आईच्या मशीनशेजारी बसून अभ्यास केला होता.

"मम्मी."

"काय गं?"

"मजेत हाय ना ती?"

"मजेत हाय."

आता ती विचारणार, असं वाटून उज्वलानं डोळे मिटून घेतले. पुढचं खोटं तिच्याकडं तयार नव्हतं.

"घाई करू नको मग," देविका हळूच म्हणाली. "नीट शिवून घे. मी पेपर देते."

फोन बंद झाला. उज्वलाला सौदामिनी आठवली, ताटावर मान खाली घालून जेवणारी, तिसऱ्या रविवारी काहीही न विचारणारी. अमृतरावांनी दारातूनच विचारलं, कळलं का तिला? दिवा जवळ ओढून उज्वलानं कापडातली सुई काढली आणि उरलेलं दोन बोटं कापड आत दुमडून टाका घातला.